रक्तवाहिन्या आकसतात कशा? उठल्यावरची चक्कर, नागपूरचा मे महिना आणि बीपीच्या गोळ्या

गुरुजी_प्रतापनगर · १६ मे, रात्री ९.४०

पारा पंचेचाळीसला टेकला की आमच्या भागात दरवर्षी एक बातमी कानावर येतेच: अमक्यांचे बाबा पहाटे बाथरूमला जायला उठले आणि दारातच कोसळले. कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं अशक्तपणा. घरचे ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दोन दिवसांनी विषय मागे पडतो. खुब्याचं हाड मोडलं असेल तर मात्र तो त्या माणसाला उरलेलं आयुष्य पुरतो. जन्मभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. या पडण्यामागे अंगात नेमकं काय घडतं ते घराघरात माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. सगळ्या रक्तवाहिन्या एकाच वेळी पूर्ण उघडल्या तर ते पुरणारच नाही. उन्हाळ्यात अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यांवरचे सगळे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावर थेंब येत नाही, तसंच. आणि उभ्या माणसाचा सगळ्यात वरचा मजला म्हणजे मेंदू. म्हणून शरीर बारीक धमन्या कायम थोड्या आवळून धरतं आणि जिथे गरज असेल तिथल्याच सैल सोडतं.

हे आवळून धरण्याचं काम चेता म्हणजे नसांमार्फत होतं, हे १८५१ साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांच्या प्रयोगातून कळलं. त्यांनी सशाच्या मानेतली एका बाजूची अनुकंपी (सिम्पथेटिक, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप काम करणारी) चेता कापली. त्यांची अपेक्षा होती की त्या बाजूचा कान गार पडेल. झालं उलटंच. कान लाल झाला, गरम झाला, आतल्या शिरा टरारून दिसायला लागल्या. पुढे त्याच चेतेच्या कापलेल्या टोकाला विजेचा सौम्य झटका दिल्यावर कान पुन्हा पांढरा आणि गार झाला. म्हणजे ती चेता क्षणभरही न थांबता कानातल्या रक्तवाहिन्यांना ‘आकसून राहा’ असं सांगत होती, आणि ती तुटताच त्या सैल पडल्या. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. दोन कान समोर आहेत, एक कापलेल्या बाजूचा, एक शाबूत, आणि फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

ही आज्ञा स्नायूपर्यंत पोचते ती नॉरॲड्रिनलिन या रसायनातून. चेतेच्या टोकातून ते झिरपतं आणि धमनीच्या भिंतीतल्या गुळगुळीत स्नायूच्या पेशीवर अल्फा-१ नावाच्या ग्राहीला, म्हणजे रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागेला (रिसेप्टरला), चिकटतं. पेशीच्या आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं, स्नायू आखडतो, नळी अरुंद होते. अरुंद किती झाली याला फार महत्त्व आहे, कारण नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या फक्त २० टक्क्यांनी घटली तरी प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो. निम्मी झाली तर अडथळा १६ पट. इतक्या थोड्या हालचालीतून एवढा मोठा परिणाम होतो, म्हणून शरीराला हे नियंत्रण इतकं सोयीचं पडतं.

आता उठण्याकडे येऊ. आडवा माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, दाब घसरायला लागतो. मानेत, जबड्याच्या खाली जिथे नाडी लागते, तिथे कॅरोटिड धमनीच्या फुगवट्यात दाब ओळखणाऱ्या चेतांची टोकं आहेत, तशीच महाधमनीच्या कमानीतही. भिंतीवरचा ताण कमी झाल्याचं त्यांना कळतं आणि मेंदूच्या बुंध्यातल्या लंबमज्जेला खबर जाते. तिथून दोन आदेश सुटतात. हृदयाची गती पुढच्या एक-दोन ठोक्यांतच वाढते. पाय, पोट, मूत्रपिंड इथल्या धमन्या आणि शिरा आकसायला मात्र थोडे सेकंद जास्त लागतात. तरुणपणी ही सगळी धावपळ आपल्याला जाणवतही नाही. वय झालं, मधुमेहाने चेता खराब झाल्या, की या सेकंदांतच डोळ्यांपुढे अंधारी येते.

आणि त्यात आमचा मे महिना. उष्णता बाहेर टाकायची तर रक्त कातडीकडे न्यावं लागतं. एरवी कातडीला मिनिटाला अर्धा लिटरसुद्धा रक्त जात नाही. प्रचंड उष्णतेत ते सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. कातडीतल्या धमन्यांना आवळणाऱ्या चेता हात सैल सोडतात, आणि घामाशी निगडित असलेल्या दुसऱ्या चेता त्यांना आणखी उघडतात. वर घामाने पाणी आणि मीठ गेलेलं. अशा अंगाने माणूस झोपेतून ताडकन उठला तर आकसायला सांगणारे आणि उघडायला सांगणारे आदेश एकमेकांच्या आड येतात.

संप्रेरकांचा म्हणजे हार्मोन्सचा भाग मुद्दाम राखून ठेवला आहे. आधी तुमचे प्रश्न येऊ द्या.

खामल्याची_वैशाली · १७ मे, सकाळी ८.१०

सर, वाचताना आमच्याच घरचं वाचतेय असं वाटलं. सासरे ७४ वर्षांचे. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, आणि हिवाळ्यात प्रोस्टेटसाठी रात्रीची एक गोळी सुरू झाली. तेव्हापासून रात्री लघवीला उठले की भिंत धरून उभे राहतात. मशीनवर बीपी बघितलं तर छान येतं, १३० च्या आसपास. मग चक्कर कशाची?

मेडिकल_चौक · १७ मे, दुपारी २.३५

वैशालीताई, मी फिजिशियन आहे. पहिला प्रश्न: मशीन लावलं तेव्हा ते बसले होते ना? बसल्याचं बीपी चांगलं असून उभ्याचं घसरणं हे ओपीडीत रोज दिसतं. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ते उभं राहताना दाब पडण्याचंच लक्षण. मोजताना शेजारी माणूस उभा ठेवा, आणि चक्कर आली तर लगेच बसवा. नाडीही लिहा. दाब घसरला आणि नाडी जवळपास होती तिथेच राहिली, तर चेतांचं काम कमी पडतंय अशी शंका येते. मधुमेह जुना असेल तर हे जास्त दिसतं.

प्रोस्टेटच्या अनेक गोळ्या गुरुजींनी लिहिलेल्या अल्फा ग्राहीलाच अडवतात. प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल व्हावा म्हणून त्या देतात, पण तोच ग्राही रक्तवाहिन्यांतही आहे. टॅमसुलोसिनसारख्या नव्या गोळ्या प्रोस्टेटवर जास्त आणि वाहिन्यांवर कमी काम करतात, तरी परिणाम शून्य नसतो. त्यात बीपीच्या दोन गोळ्यांची भर.

गोळी तुम्ही स्वतः बंद करू नका, वेळही बदलू नका. झोपलेल्याचे आणि उभ्याचे आकडे तारखेसह कागदावर लिहा आणि ज्यांनी गोळ्या दिल्या त्या दोन्ही डॉक्टरांना एकच कागद दाखवा. बरेचदा एकाला दुसऱ्याची चिठ्ठी माहीतच नसते. तोवर रात्री पलंगाच्या काठावर एक-दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, पोटऱ्या आणि पंजे हलवायचे, मगच उठायचं. लघवीही बसूनच.

वर्धारोडवाला · १७ मे, रात्री ८.०५

गुरुजी, मी बांधकामावर सुपरवायझर हाओ. एक गोष्ट समजून नाही राहिली. दुपारी साइटवर फिरत असलो का काही होत नाही. पण एका जागी उभं राहून माल मोजून राहिलो का धा-पंधरा मिनटांत डोकं गरगरते. ऊन तेच, पाणीबी तेवढंच पेलं. असं कावून होते?

गुरुजी_प्रतापनगर · १७ मे, रात्री ९.२०

भाऊ, फार चांगला प्रश्न विचारलात. चालताना पोटरीचे स्नायू दर पावलाला आतल्या शिरा दाबतात आणि रक्त वर ढकलतात. शिरांमध्ये पडदे असल्यामुळे ते परत खाली येत नाही. एका जागी उभं राहिलं की ही मदत बंद होते आणि सगळा भार आकसणाऱ्या रक्तवाहिन्यांवर येतो. उन्हात कातडीच्या वाहिन्या उघड्याच, त्यामुळे रक्त पायांत साठत जातं. चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसांना, परेडमध्ये सावधान उभ्या पोरांना भोवळ येते ती यानेच. मोजणी करताना टाचा वर-खाली करत राहा, पोटऱ्या आवळा, शक्य असेल तर सावलीत दगडावर बसून मोजा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता तिथेच बसा किंवा आडवे होऊन पाय उंच करा. आणि अंग तापलेलं आहे, बोलणं असंबद्ध होतंय असं कुणाचं दिसलं तर तो उष्माघात असू शकतो. त्याला गार पाण्याने भिजवत, वारा घालत ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. तिथे थांबून बघणं नाही.

वर्धारोडवाला · १७ मे, रात्री ९.३२

उद्याच पोरायले सांगतो गुरुजी. आमच्या इथं छत्तीसगडची पोरं हायेत, दिवसभर उभीच असते.

सिव्हिल_लाइन्स · १८ मे, सकाळी ७.१५

गुरुजी, संप्रेरकांवर लिहा ना. मला बीपीची रॅमिप्रिल गोळी घेताना कोरडा खोकला लागला होता, म्हणून टेल्मिसार्टनवर आणलं. दोन्ही एकाच साखळीवर काम करतात एवढंच सांगण्यात आलं होतं.

गुरुजी_प्रतापनगर · १८ मे, रात्री ९.५०

लिहितो. चेतांचा हुकूम सेकंदांचा असतो. संप्रेरकं रक्तातून फिरतात, त्यांना मिनिटं लागतात, काहींना तास.

आधी ॲड्रिनलिन. मूत्रपिंडांच्या डोक्यावर ज्या अधिवृक्क ग्रंथी आहेत त्यांच्या गाभ्यातून हे येतं, सोबत थोडं नॉरॲड्रिनलिन. माणसात साधारण ८० आणि २० टक्के. गंमत अशी की हे एकच संप्रेरक कातडीच्या आणि आतड्याच्या धमन्या आकसवतं आणि मांडीच्या स्नायूतल्या धमन्या उघडतं. हे कोडं १९४८ मध्ये रेमंड अलक्विस्ट यांनी सोडवलं. ग्राही दोन प्रकारचे आहेत, अल्फा आणि बीटा, आणि कोणत्या अवयवात कोणता जास्त आहे त्यावर परिणाम ठरतो. रात्री गल्लीत कुत्रं अंगावर आलं की चेहरा पांढराफटक पडतो आणि पायांत बळ येतं, ते दोन्ही याच संप्रेरकाचं.

आता तुमची साखळी. १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, त्यांचा दाब वाढला. त्या अर्कातल्या पदार्थाला त्यांनी रेनिन म्हटलं. रेनिन स्वतः वाहिन्या आकसवत नाही. मूत्रपिंडाला वाटलं की दाब कमी आहे, किंवा मीठ कमी पोचतंय, किंवा अनुकंपी चेतेने तसं कळवलं, की ते सुटतं. यकृताने रक्तात सोडलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा पाडून ते १० अमिनो आम्लांचं अँजिओटेन्सिन-१ बनवतं. ते फारसं काही करत नाही. रक्त फुप्फुसातून जाताना तिथल्या केशवाहिन्यांच्या अस्तरावरचं विकर (एन्झाइम), ज्याला एसीई म्हणतात, त्याची आणखी दोन अमिनो आम्लं छाटतं, आणि उरतं आठांचं अँजिओटेन्सिन-२. हे मात्र जबरदस्त. धमन्या आकसवतं, चेतांच्या टोकांतून नॉरॲड्रिनलिन जास्त सोडायला लावतं, तहान लावतं, आणि अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून अल्डोस्टेरोन काढून मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला सांगतं.

रॅमिप्रिल एसीईला अडवतं, टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिन-२ च्या ग्राहीला. खोकल्याचं कारण असं की एसीई आणखी एक काम करतं: ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ तोडतं. विकर अडलं की तो साठतो आणि काही जणांचा घसा खवखवायला लागतो. या गटातलं पहिलं औषध कॅप्टोप्रिल, ते ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषावरच्या अभ्यासातून निघालं.

तिसरं व्हॅसोप्रेसिन. मेंदूच्या तळाच्या पियुषिका ग्रंथीतून येतं. पाणी कमी पडलं की आधी मूत्रपिंडाकडून पाणी वाचवतं, आणि मोठा रक्तस्राव वगैरे होऊन त्याचं प्रमाण खूप वाढलं की रक्तवाहिन्याही आकसवतं. मे महिन्यात लघवी थोडी आणि गडद पिवळी होते ती याच्यामुळे.

मेडिकल_चौक · १८ मे, रात्री १०.४०

गुरुजींनी छान मांडलंय. एक जोड देतो, कारण दरवर्षी हे पेशंट भरती होतात. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, पाणी गेलं, की दाब सांभाळायला हीच रेनिनची साखळी धावते. प्रिल किंवा सार्टन गटातली गोळी चालू असेल तर ती अडलेली असते, सोबत लघवीची गोळी असेल तर पाणी आणखी जातं. दाब पडतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अशा दिवशी ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी फोन करून ‘गोळी घेऊ की थांबवू’ हे विचारा. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मीठ-पाणीही स्वतःच्या मनाने वाढवू नये.

सिस्टर_धंतोली · १९ मे, दुपारी ४.०५

मी आयसीयूत काम करते. हे सगळं आम्ही रोज हाताने बघतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला पेशंट येतो तेव्हा रक्तवाहिन्या सैल पडून दाब पडलेला असतो. सलाईन देऊनही चढला नाही तर नॉरॲड्रिनलिनचा पंप लागतो. मिलिलिटरचा छोटासा भाग वर-खाली केला तरी मॉनिटरवरचा आकडा दोन-तीन मिनिटांत हलतो. म्हणून सिरिंज बदलताना आम्ही दुसरी आधीच भरून, जोडून तयार ठेवतो, कारण मधल्या काही क्षणांच्या खंडानेही दाब कोसळू शकतो. हे औषध शक्यतो मानेतल्या मोठ्या शिरेतून देतात. हातातल्या बारीक शिरेतून बाहेर झिरपलं तर तिथल्या धमन्या इतक्या आकसतात की कातडी पांढरी पडते, आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर काळी पडून मरते. दर थोड्या वेळाने बोटाचं नख दाबून सोडायचं आणि गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं, ही सवय आता अंगात भिनली आहे. दोन सेकंदांच्या आत आला तर मन थोडं शांत होतं.

नातेवाईक बरेचदा विचारतात, ‘हात इतके गार का पडलेत?’ आम्ही घाईत असतो, उत्तर नीट दिलं जात नाही. हा धागा त्यांच्यापर्यंत पोचावा.

काटोलकर · १९ मे, रात्री ९.००

विंचवाचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे शेतात पऱ्हाट्या उचलताना लाल विंचू चावतो. त्याचं विष चेतांमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं, त्यामुळे ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन यांचा पूर येतो. हातपाय बर्फासारखे, दरदरून घाम, दाब चढलेला, आणि पुढे फुप्फुसात पाणी. यावर प्राझोसिन हे अल्फा ग्राही अडवणारं, मूळचं बीपीचं औषध वापरून कोकणात किती जीव वाचले! ते काम डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं, महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रातून सुरू झालेलं. त्यांचं एमबीबीएस आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातलं, याचा मला फार अभिमान वाटतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मेडिकल_चौक · १९ मे, रात्री ९.४५

अगदी बरोबर. २०११ मध्ये त्यांचाच अभ्यास प्रसिद्ध झाला की प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा पेशंट लवकर सावरतात. दाब कसला आणि अडथळा कुठे हे ओळखून नेमक्या ग्राहीवर औषध टाकणं, याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. चावलेल्या जागी चिरे देणं, दोरी आवळणं यात वेळ घालवू नका, सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

फार्मसीची_पूर्वा · २० मे, सकाळी ११.२०

मी बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराबद्दल थोडं लिहू का? १९८० मध्ये फर्चगॉट यांनी दाखवलं की ॲसिटिलकोलीन या रसायनाने धमनी सैल पडते ती अस्तर शाबूत असेल तरच. अस्तर खरवडलं गेलं असेल तर तीच धमनी आखडते. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, ज्यासाठी १९९८ चं नोबेल मिळालं. आणि १९८८ मध्ये जपानमध्ये त्याच अस्तरातून एंडोथेलिन सापडलं, २१ अमिनो आम्लांचं, अतिशय तीव्र आकसवणारं. म्हणजे चेता आणि संप्रेरकं काहीही सांगोत, शेवटी भिंतही स्वतःचं मत देते. सिगारेट आणि मधुमेह हे अस्तर बिघडवतात.

दुसरं, नाकात टाकायच्या थेंबांबद्दल. झायलोमेटाझोलिन नाकातल्या अल्फा ग्राहींवर बसतं, वाहिन्या आकसतात, सूज उतरते, श्वास मोकळा होतो. म्हणूनच लोक महिनोन्महिने घेतात. काही दिवसांच्या पुढे वापरलं की औषध उतरताच सूज दुप्पट जोमाने येते आणि थेंब सुटत नाहीत. दुकानात उभी असताना हे ग्राहकांना सांगते, काही ऐकतात.

सिव्हिल_लाइन्स · २० मे, दुपारी १.००

पूर्वा, हे तू सांगतेस ते फार बरं करतेस. डॉक्टरसाहेब, एक शेवटचं. माझं बीपी डिसेंबर-जानेवारीत दरवर्षी वर जातं, तेव्हा गोळी वाढवावी लागते. आणि धाकट्या बहिणीची बोटं थंड पाण्यात भांडी घासताना खडूसारखी पांढरी पडतात. दोन्हींचं मूळ एकच का?

मेडिकल_चौक · २० मे, रात्री १०.१५

मूळ एकच, प्रकार वेगळे. थंडीत उष्णता वाचवायला अनुकंपी चेता कातडीच्या धमन्या आवळतात, एकूण अडथळा वाढतो, दाब चढतो. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि मेमध्ये पंचेचाळीसला जातो, त्यामुळे नागपूरकरांत हा फरक ठळक दिसतो. मोजताना उबदार खोलीत पाच मिनिटं बसा, स्वेटरची बाही सरकवून नव्हे तर काढून पट्टा बांधा. आणि जानेवारीत वाढवलेली गोळी एप्रिल संपेपर्यंत कुणी पुन्हा बघितलीच नाही असं फार होतं. मार्चमध्ये एकदा दाखवून घ्या.

बहिणीचं वेगळं आहे. बोटं आधी पांढरी, मग निळसर, गरम झाल्यावर लाल आणि ठणकती, असा क्रम असेल तर त्याला रेनॉचा आजार म्हणतात. मॉरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. थंडीला मिळणारं साधं उत्तरच तिथे अतिरेकी होतं. तरुण बायकांत बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं: रबरी हातमोजे, कोमट पाणी, सिगारेटपासून लांब, आणि गरज पडली तर कॅल्शियमची वाट अडवणारं निफेडिपिन. मायग्रेन किंवा धडधडीसाठी त्या प्रोप्रॅनोलॉल घेत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्याने बोटं जास्त गार पडू शकतात. पण त्रास तिशी-चाळिशीनंतर नव्याने सुरू झाला असेल, एकाच हाताला होत असेल, बोटांच्या टोकांना जखमा पडत असतील किंवा कातडी ताठर वाटत असेल, तर वाट न बघता रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना पांढऱ्या पडलेल्या बोटांचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत न्या. दवाखान्यात पोचेपर्यंत रंग बहुधा परत आलेला असतो.